रक्त किंवा पाणी कमी होऊन येणारा शॉक: ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नवी मुंबईतल्या एका रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात डॉक्टर आहे. हे प्रश्न सोसायट्यांमधल्या प्रथमोपचार वर्गांत आणि कॅज्युअल्टीबाहेरच्या बाकावर बसलेल्या नातेवाइकांनी विचारलेले आहेत. उत्तरं थोडी सविस्तर दिली आहेत, कारण या आजारात घरच्यांनी पहिल्या तासाभरात काय केलं यावर पुढचं बरंच काही ठरतं.

हायपोव्होलेमिक, म्हणजे रक्त किंवा पाणी कमी होऊन येणाऱ्या शॉकमध्ये शरीरात नेमकं काय होतं?

रक्त वाहून गेल्यामुळे किंवा जुलाब, उलट्या, भाजणं अशा कारणांनी अंगातलं पाणी गेल्यामुळे रक्तवाहिन्यांत पुरेसं रक्त उरत नाही. हृदय धडधाकट असतं, पण पुढे ढकलायला रक्तच कमी पडतं. मग पेशींना ऑक्सिजन मिळत नाही, त्या ऑक्सिजनशिवाय कशीबशी ऊर्जा तयार करू लागतात आणि रक्तात लॅक्टिक आम्ल साचत जातं. ही अवस्था लवकर ओळखली तर पूर्ण उलटवता येते. उशीर झाला तर मूत्रपिंडं, आतडी, यकृत असे अवयव एकामागून एक निकामी होऊ लागतात.

पाणीकपातीत सोसायटीचा सेक्रेटरी आधी बागेचा आणि गाड्या धुण्याचा नळ बंद करतो, म्हणजे घरांना पाणी पुरतं. शरीरही तसंच वागतं. आधी त्वचेचा रक्तपुरवठा आखडतो, मग आतड्यांचा आणि मूत्रपिंडांचा. मेंदू आणि हृदय शेवटपर्यंत सांभाळले जातात. म्हणूनच हातपाय गार पडतात, लघवी कमी होते, आणि तरीही माणूस तुमच्याशी नीट बोलत असतो.

किती रक्त गेलं की धोका?

मोठ्या माणसाच्या अंगात वजनाच्या दर किलोला साधारण ७० मिली रक्त असतं. ७० किलोच्या माणसात सुमारे ५ लिटर. त्यातलं १५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे ७५० मिलीपर्यंत गेलं तर निरोगी शरीर सहसा सांभाळून घेतं. १५ ते ३० टक्के गेलं की नाडी १००च्या वर जाते आणि माणूस अस्वस्थ होतो. ३० टक्क्यांच्या पुढे बीपी घसरू लागतं, बोलण्यात गोंधळ येतो. ४० टक्क्यांच्या पुढे जीव जाण्याचा थेट धोका असतो.

लहान मुलांचं गणित वेगळं आहे. त्यांच्यात दर किलोला ८० मिली धरलं तरी १० किलोच्या बाळात सगळं मिळून ८०० मिली रक्त असतं. मोठ्या माणसासाठी किरकोळ वाटणारा रक्तस्राव त्याच्यासाठी किरकोळ नसतो.

फरशीवर पडलेल्या रक्तावरून अंदाज बांधू नका. तो बहुतेक वेळा चुकतो, कधी जास्त तर कधी कमी.

बीपी नॉर्मल आहे, मग काळजी कशाला?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, आणि सगळ्यात जास्त घात याच समजुतीने होतो. वर सांगितलं तसं, ३० टक्के रक्त जाईपर्यंत वरचं बीपी जवळजवळ तसंच राहू शकतं. बीपी पडलं की शॉक सुरू झाला असं नसतं. तो आधीच सुरू झालेला असतो, आता फक्त शरीराची सावरण्याची ताकद संपलेली असते.

दहीहंडीच्या रात्री ठाण्यातल्या एका पथकातला गोविंदा आमच्याकडे चालत आला होता. दुपारी वरच्या थरावरून पडला, कुशीला मार लागला, घरी जाऊन झोपला. संध्याकाळी पोटात दुखायला लागलं आणि डावा खांदाही दुखू लागला. जवळच्या दवाखान्यात बीपी ११६/८८ भरलं आणि गोळी देऊन त्याला घरी पाठवलं. आमच्याकडे आला तेव्हाही बीपी तेवढंच होतं. पण नाडी १२४, तळहात गार आणि ओलसर, आणि दर दोन मिनिटांनी पाणी मागत होता. सोनोग्राफीत पोटभर रक्त दिसलं, प्लीहा (डाव्या बरगड्यांखालचा अवयव) फाटली होती. डाव्या खांद्याला मारच नव्हता. पोटातलं रक्त श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोटामधल्या पडद्याला लागलं की दुखणं खांद्यात उमटतं.

त्या ११६/८८मध्येही एक खूण होती. वरच्या आणि खालच्या आकड्यात साधारण ४०चं अंतर असतं, इथे ते २८वर आलं होतं. रक्तवाहिन्या आवळल्या गेल्या की खालचा आकडा चढतो आणि अंतर कमी होतं.

घरी बीपीचं मशीन असेल तर त्यावर नाडीचा आकडाही येतो. नाडी बीपीच्या वरच्या आकड्याच्या जवळ पोचली किंवा त्याच्या पुढे गेली, तर वाट पाहायची नाही. निरोगी, शांत बसलेल्या माणसात नाडीचा आकडा वरच्या बीपीच्या निम्म्यापेक्षा थोडा जास्त असतो. जखम, जुलाब किंवा पोटदुखी असलेल्या माणसात हे दोन आकडे एकमेकांना भिडले, तर तो शॉक आहे असं समजूनच वागा.

मशीन नसेल तर काय बघायचं?

हात हातात घ्या. गार आणि चिकट लागतोय का? नख पाच सेकंद दाबून सोडा. पांढरं पडलेलं नख दोन सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवं. तीन सेकंदांहून जास्त लागले तर रक्तपुरवठा कमी पडतोय. थंडगार एसीत बसलेल्या माणसात ही चाचणी फसवते, तेव्हा छातीच्या मधल्या हाडावर दाबून बघा. सावळ्या रंगावर फिकेपणा चटकन दिसत नाही, म्हणून खालची पापणी, ओठांची आतली बाजू आणि तळहात तपासा.

श्वास जोरजोरात चाललाय का, शेवटची लघवी कधी झाली, खूप तहान लागलीये का, हे विचारा. आणि वागणं बघा. नेहमी शांत असणारा माणूस चिडचिड करू लागला, उठून बसायची धडपड करू लागला, "मला घरी जायचंय" म्हणू लागला, तर त्याला "घाबरू नकोस" म्हणून गप्प करू नका. मेंदूला ऑक्सिजन कमी पडू लागल्याची ती पहिली खूण असू शकते. त्यानंतर तो अचानक शांत झाला, तर ते बरं वाटल्याचं लक्षण नव्हे.

ही लक्षणं कोणामध्ये फसवतात?

बीपीसाठी किंवा हृदयासाठी मेटोप्रोलोल, अॅटेनोलोलसारखी गोळी घेणाऱ्या आजी-आजोबांची नाडी रक्त गेलं तरी वाढत नाही. ज्यांचं बीपी एरवी १६० असतं, त्यांच्यासाठी ११० म्हणजे पडलेलं बीपी. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर छोटा मारही मोठा समजा. गरोदर बाईच्या अंगात रक्ताचं प्रमाण ४० ते ५० टक्क्यांनी वाढलेलं असतं, त्यामुळे तिची लक्षणं उशिरा दिसतात आणि तोवर बाळाला त्रास सुरू झालेला असतो. लहान मुलं बीपी शेवटपर्यंत टिकवतात आणि मग एकदम कोसळतात.

बाहेर रक्ताचा थेंब नाही, तरी शॉक येतो?

येतो, आणि तोच जास्त चुकतो. मांडीचं हाड मोडलं तर एक ते दीड लिटर रक्त मांडीतच साचू शकतं. ओटीपोटाच्या हाडांचा चुरा झाला तर त्याहून जास्त. घोडबंदर रोडवर किंवा सायन-पनवेल महामार्गावर दुचाकी घसरलेल्या माणसाच्या अंगावर नुसतं खरचटलेलं दिसतं, आणि बघणारे म्हणतात "वाचला बिचारा". पोट दुखतंय का, फुगलंय का, कडक लागतंय का, हे विचारल्याशिवाय त्याला घरी सोडू नये.

दुसरं मोठं कारण म्हणजे जठराचा व्रण. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर वेदनाशामक गोळ्या आणून महिनोन्‌महिने घेणारी कितीतरी माणसं आहेत. शौचाला डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची झाली किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी झाली, तर आतून रक्त जातंय.

आणि तरुण बायकांबद्दल एक गोष्ट ठासून सांगते. पाळी चुकलेली, ओटीपोटात एका बाजूला दुखतंय आणि चक्कर आली, तर ती गर्भनलिकेतली गर्भधारणा असू शकते. नलिका फुटली की काही तासांत पोट रक्ताने भरतं. लोकलमध्ये चक्कर आली म्हणून लिंबूपाणी पाजून, "अशक्तपणा आहे, उपास करते ना" म्हणून घरी पाठवलेल्या मुलीत हे सुटून जातं. लग्न झालंय की नाही, याचा विचार न करता लघवीची गर्भचाचणी आणि सोनोग्राफी व्हायला हवी.

रक्त वाहतंय, तर मी काय करू?

दाबा. स्वच्छ पंचा, ओढणी, टी-शर्ट, जे हाताशी असेल ते जखमेवर ठेवा आणि दोन्ही तळव्यांनी, अंगाचं वजन टाकून दाबा. "थांबलं का" म्हणून सारखं उचलून बघू नका, जमू लागलेली गुठळी त्यातच निघते. कापड भिजलं तर त्यावर दुसरं ठेवा आणि दाब वाढवा. खोल जखम असेल तर कापड आत ठासून भरा आणि वरून दाबा. हळद, कॉफी, चुना यांतलं काही टाकायचं नाही.

रबाळे, महापे, तुर्भे या पट्ट्यातल्या कारखान्यांत हात यंत्रात सापडून आलेले कामगार आम्ही बघतो. हातापायाचं रक्त दाबूनही थांबत नसेल तर आवळपट्टी बांधावी लागते. जखमेच्या चार बोटं वर, सांध्यावर नाही, रुंद पट्टीने, रक्त थांबेपर्यंत घट्ट. सुतळी किंवा वायर बांधू नका, ती मांसात रुतते. किती वाजता बांधली ते पट्टीवर किंवा कपाळावर पेनाने लिहा आणि रुग्णालयात पोचेपर्यंत सैल करू नका.

काच, सळई किंवा चाकू आत रुतलेला असेल तर तो ओढून काढू नका. त्याच्या दोन्ही बाजूंनी कापडाच्या गुंडाळ्या लावून तो हलणार नाही असं करा.

पाय वर करायचे का? पाणी पाजायचं का?

आडवं झोपवा. जुलाब-उलट्यांनी गळून गेलेल्या माणसाचे पाय उशीवर ठेवायला हरकत नाही. अपघातात पाय, कंबर, मणका किंवा डोक्याला मार असेल तर ठेवू नका. उलटी होत असेल किंवा शुद्ध कमी असेल तर कुशीवर वळवा. अंगावर चादर घाला. गार पडलेल्या शरीरात रक्त गोठण्याची क्रिया मंदावते आणि रक्तस्राव वाढतो, म्हणून ओले कपडे काढणं हे भर मे महिन्यातही महत्त्वाचं आहे.

रक्तस्राव झालेल्या किंवा पोटाला मार लागलेल्या माणसाला तोंडाने काहीही देऊ नका. तहान खूप लागते, त्याचं पाणी मागणं ऐकवत नाही, तरीही. ओठ ओले करा. ऑपरेशन लागलं तर भरलेल्या पोटामुळे भूल देताना धोका वाढतो.

१०८ची वाट पाहावी की रिक्षात घालून न्यावं?

१०८ला फोन आधी करा. जागा सांगताना सेक्टर, इमारतीचं नाव आणि गेट सांगा. नवी मुंबईत एकाच नावाच्या इमारती वेगवेगळ्या नोडमध्ये सापडतात. एकाला गेटवर उभं करा, वॉचमनला लिफ्ट खाली धरून ठेवायला सांगा. रुग्णवाहिका लगेच येणार नसेल आणि मणक्याला मार लागल्याची शंका नसेल, तर गाडीच्या मागच्या सीटवर आडवं झोपवून न्या. रिक्षात दोघांच्या मध्ये बसवून नेलं की मेंदूचा रक्तपुरवठा आणखी घटतो. नाइलाज असेल तर मांडीवर डोकं घेऊन शक्य तितकं आडवं करा आणि जखमेवरचा दाब सोडू नका.

कुठे न्यायचं, हे आजच ठरवून ठेवा. आपल्याकडे इमारतीच्या तळमजल्यावर नर्सिंग होम असतं आणि पाय आपोआप तिकडे वळतात. पण मोठ्या रक्तस्रावाला सर्जन, ऑपरेशन थिएटर आणि रक्त हे तिन्ही एका ठिकाणी, रात्री दोन वाजताही लागतं. तुमच्या घरापासून असं जवळचं ठिकाण कोणतं, हे फोन करून आधीच विचारा. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, वाशीचं महापालिका रुग्णालय किंवा एखादं खासगी, जे असेल ते. नंबर फ्रीजवर लावून ठेवा.

पोलिसांच्या लफड्याची भीती नको. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनुसार अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला संरक्षण आहे. नाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती करता येत नाही. रस्ते अपघातातल्या जखमींसाठी केंद्र सरकारने २०२५ मध्ये कॅशलेस उपचार योजनाही आणली आहे, ७ दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंतची. पैसे नाहीत म्हणून रस्त्यावर थांबून राहू नका.

"डॉक्टर, सलाईन लावा ना" म्हटलं तर तुम्ही थोडंच का लावता?

जुलाबाच्या शॉकमध्ये आम्ही भरभरून लावतो. तिथे पाणी आणि क्षारच गेलेले असतात. रक्तस्रावात मात्र बाटलीमागून बाटली चढवली तर उरलेलं रक्त पातळ होतं, त्यातले गोठवणारे घटक विरळ होतात, शरीर गार पडतं आणि बीपी एकदम वर गेल्याने जमलेली गुठळी सुटते. सलाईन ऑक्सिजनही वाहून नेत नाही. म्हणून थोडं सलाईन, लवकर रक्त, आणि रक्त जिथून जातंय ती जागा बंद करणं, हा क्रम. ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड नावाचं स्वस्त इंजेक्शन आहे, ते गुठळी टिकवतं. मार लागल्यापासून ३ तासांच्या आत दिलं तरच त्याचा उपयोग, तेही जितकं लवकर तितकं चांगलं.

रक्त लगेच का मिळत नाही? आम्ही काय करू शकतो?

गट तपासून दात्याचं रक्त रुग्णाच्या रक्ताशी जुळवायला पाऊण तास ते तासभर लागतो. तेवढी उसंत नसेल तर ओ गटाचं रक्त जुळवणीशिवाय देतात. कुठल्या रक्तपेढीत काय शिल्लक आहे, हे ई-रक्तकोश या सरकारी पोर्टलवर दिसतं. व्हॉट्सअॅपवर "तातडीने हवंय" फिरवण्याआधी ते बघा.

खरी मदत महिनाभर आधीची असते. १८ ते ६५ वर्षं वय, किमान ४५ किलो वजन आणि हिमोग्लोबिन १२.५ असेल तर रक्तदान करता येतं, पुरुषांना दर ३ महिन्यांनी, स्त्रियांना ४ महिन्यांनी. एका वेळी वजनानुसार ३५० किंवा ४५० मिली घेतात. वरचे आकडे आठवा, म्हणजे यात शॉकचा प्रश्न का येत नाही ते कळेल. मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत रक्तपेढ्या रिकाम्या होतात, तेव्हा शिबिर घ्या.

जुलाब-उलट्या होतायत. घरी कधीपर्यंत थांबायचं?

पहिल्या पातळ जुलाबापासून ओआरएस सुरू करा. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिली, मोठ्या मुलाला १०० ते २०० मिली, मोठ्या माणसाला मागेल तेवढं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि चमचा-चमचा परत सुरू करा. मुलांना सोबत झिंक १४ दिवस, डॉक्टरांना डोस विचारून. अंगावरचं दूध बंद करू नका.

पाकीट बघून घ्या. मोठं पाकीट एक लिटरचं असतं, छोटं २०० मिलीचं. मोठं पाकीट पेल्यात थोडं-थोडं घालून कालवलं की क्षारांचं प्रमाण बिघडतं. खोक्यातली गोड, फळांच्या चवीची पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. त्यातली जास्त साखर आतड्यात आणखी पाणी ओढते आणि जुलाब वाढतात. अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, ही फार बरी गोष्ट झाली. पाकीट मिळालंच नाही तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा सपाट चमचा मीठ.

या साध्या पाण्याची ताकद कमी लेखू नका. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, बनगावला कॉलऱ्याची साथ होती आणि शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी पिंपात मीठ-साखरेचं द्रावण कालवून नातेवाइकांच्या हातून पाजलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते ४ टक्क्यांच्या खाली आलं.

मूल सुस्त झालं, डोळे खोल गेले, रडताना अश्रू येत नाहीत, तान्ह्याची टाळू खोल गेली, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर हळूहळू खाली बसते, सहा तास लघवी नाही किंवा पाजलेलं काहीच ठरत नाही, यांतलं काही दिसलं की रुग्णालय गाठा. वाटेत ओआरएस चालू ठेवा.

डेंग्यूमध्ये प्लेटलेट किती झाल्या की धोका?

प्रश्नच बदला, एवढीच माझी कळकळीची विनंती आहे. पावसाळ्यात ठाण्यात आणि नवी मुंबईत घराघरात प्लेटलेटचे आकडे फोनवर सांगितले जातात, पपईच्या पानांचा रस शोधला जातो. डेंग्यूत माणूस दगावतो तो बहुधा शॉकने. रक्तवाहिन्यांच्या भिंतीतून रक्ताचं पाणी पोटात आणि छातीत झिरपतं. हे घडतं ताप उतरताना, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, म्हणजे घरचे निश्वास टाकतात नेमकं तेव्हा.

म्हणून ताप उतरल्यानंतरचे दोन दिवस जास्त जपा. पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, ग्लानी, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार, लघवी कमी, यांतलं एकही दिसलं तर दाखल करा, प्लेटलेट ८० हजार असल्या तरी. रिपोर्टमध्ये हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाणही बघायला सांगा. तो चढत असेल तर रक्त घट्ट होतंय, पाणी बाहेर झिरपतंय. रक्तस्राव नसेल तर प्लेटलेट सहसा १० हजारांच्या खाली गेल्यावरच चढवतात. तापाला पॅरासिटामॉलच द्या. आयब्युप्रोफेन किंवा अॅस्पिरिन नको.

बाळंतपणानंतर किती रक्तस्राव चालतो?

नैसर्गिक बाळंतपणात ५०० मिलीच्या पुढे गेला तर तो अतिरक्तस्राव. घरी आल्यावर मोजमाप सोपं आहे: तासाभरात एक मोठं पॅड पूर्ण भिजतंय, लिंबाएवढ्या गाठी पडतायत, किंवा कमी झालेला रक्तस्राव पुन्हा वाढलाय, तर निघा. हे पहिल्या दिवशीच होतं असं नाही, काही आठवड्यांनीही होऊ शकतं. माहेरी आलेल्या मुलीला चक्कर येते, छातीत धडधडतं, तेव्हा "बाळंतिणीला होतंच" असं म्हणून तिला डिंकाचे लाडू खाऊन झोपायला सांगू नका. आधी पॅड बघा.

भाजल्यावरही हाच शॉक येतो का?

हो. भाजलेल्या जागेतून रक्ताचं पाणी पाझरत राहतं. मोठ्या माणसात अंगाचा साधारण १५ ते २० टक्के भाग खोलवर भाजला, मुलांत त्याहूनही कमी, की शिरेतून पाणी लागतं. २० मिनिटं नळाचं वाहतं पाणी सोडा, बर्फ आणि टूथपेस्ट नाही, मग स्वच्छ चादरीत गुंडाळून न्या. ऐरोलीला नॅशनल बर्न्स सेंटर आहे, नवी मुंबईकरांनी हे लक्षात ठेवावं.

बरं होऊन घरी आल्यावर काय?

पाणी कमी झाल्याने आलेला शॉक वेळेत सुधारला तर चार-पाच दिवसांत माणूस हिंडू-फिरू लागतो. रक्तस्रावानंतर हिमोग्लोबिन भरून यायला आठवडे ते महिने लागतात, लोहाच्या गोळ्या सहसा तीन महिने तरी चालतात. मध्येच बंद करू नका. आठवड्याभरात क्रिएटिनिन तपासून घ्या, मूत्रपिंडांना किती झळ बसली ते कळतं. अंथरुणातून उठताना आधी बसा, मग उभे राहा.

लोहाच्या गोळ्यांनी शौचाचा रंग हिरवट काळा होतो. त्याने घाबरू नका. पण शौचाला डांबरासारखी चिकट आणि उग्र वासाची झाली, सोबत चक्कर आली किंवा नाडी वाढली, तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी परत या.